सोडियम चॅनेलचा प्रवाह मोजताना: पॅच-क्लॅम्पवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

चेतापेशीत, हातापायांच्या स्नायूंत आणि हृदयाच्या कप्प्यांच्या स्नायूत विद्युत आवेग उसळी घेतो तो व्होल्टेजवर चालणाऱ्या सोडियम चॅनेलमुळे. पॅच-क्लॅम्पने, म्हणजे काचेची बारीक पोकळ पिपेट पेशीला चिकटवून आणि तिच्यातून पटलाचं व्होल्टेज ठरावीक जागी धरून, हे चॅनेल मोजायला बसलं की एक अडचण पहिल्या दिवसापासून समोर येते आणि ती कधीच पूर्ण जात नाही. यांचा प्रवाह मोठा असतो, मिलिसेकंदाच्या आसपास शिखर गाठतो आणि वाहता वाहता पटलाचं व्होल्टेज स्वतःच हलवतो. त्यामुळे संगणकावरून दिलेलं व्होल्टेज आणि पेशीपटलावरचं खरं व्होल्टेज यांत किती अंतर पडलं आहे, हे कळल्याशिवाय एकही आकडा वापरण्याजोगा नसतो. पुढच्या बहुतेक पायऱ्या हे अंतर लहान ठेवण्यासाठीच आहेत.

आधी चॅनेलच्या अवस्था

मुख्य प्रथिन म्हणजे आल्फा उपघटक: सुमारे २,००० अमिनो आम्लांची एकच लांब साखळी. तिचे चार भाग पडतात आणि प्रत्येक भागात पटलातून आरपार जाणारे सहा तुकडे असतात. यातला चौथा तुकडा, म्हणजे एस-४, व्होल्टेज ओळखतो. त्यात दर तिसऱ्या जागी आर्जिनिन किंवा लायसिन असतं, म्हणजे धन प्रभार. पेशी विश्रांतीत असताना आतली बाजू ऋण असते, म्हणून हे चारही तुकडे आत ओढलेले राहतात. आतलं व्होल्टेज चढलं की ते बाहेरच्या दिशेने सरकतात आणि छिद्राचं आतलं तोंड उघडतं. पाचव्या आणि सहाव्या तुकड्यांमधल्या वळशातून छिद्राची चाळणी तयार होते. तिथे चार भागांतून एकेक अमिनो आम्ल समोरासमोर येतं: अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट, लायसिन आणि अ‍ॅलनिन. सोडियमची निवड इथे ठरते. यातल्या लायसिनच्या जागी ग्लुटामेट बसवलं की चॅनेलची निवड मोडते आणि कॅल्शियमही आत शिरू लागतं.

उघडल्यानंतर साधारण एका मिलिसेकंदात दुसरी हालचाल होते. तिसऱ्या आणि चौथ्या भागांना जोडणारा दुवा पेशीच्या आतल्या बाजूला असतो. त्यावरची आयसोल्युसिन, फेनिलअ‍ॅलनिन आणि मेथिओनिन ही तीन अमिनो आम्लं छिद्राच्या आतल्या तोंडाजवळ जाऊन बसतात आणि प्रवाह थांबतो. ही निष्क्रिय अवस्था. बंद चॅनेलमधून सोडियम जात नाही, निष्क्रिय चॅनेलमधूनही जात नाही. पण बंद चॅनेल पुढच्या क्षणी उघडू शकतो, निष्क्रिय चॅनेलला मात्र आधी पटल पुन्हा ऋण व्हावं लागतं आणि त्यानंतरही काही मिलिसेकंद द्यावे लागतात. आवेगानंतर एक-दोन मिलिसेकंद पेशी दुसरा आवेग देऊच शकत नाही, त्याचं मुख्य कारण हेच. या दोन अवस्थांतला फरक डोक्यात पक्का बसवा. प्रोटोकॉल समजून घेताना आणि औषधांचा परिणाम वाचताना तो सतत लागतो.

अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये, चॅनेल हे प्रथिन म्हणून कोणी ओळखलेलंही नव्हतं तेव्हा, माखलीसारख्या स्क्विड या प्राण्याच्या जाड चेतातंतूवर मोजमापं करून हा प्रवाह समीकरणांत बसवला. उघडण्यासाठी तीन सारखे घटक आणि निष्क्रियतेसाठी एक, असं ते मॉडेल आजही उत्तम चालतं. एक सुधारणा मात्र लक्षात ठेवा. त्यात दोन्ही क्रिया एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या आहेत, प्रत्यक्षात निष्क्रियता उघडण्याशी जोडलेली असते.

माणसात याचे नऊ उपप्रकार आहेत, एनएव्ही १.१ ते १.९. हातापायांच्या स्नायूंत १.४, हृदयात मुख्यतः १.५, वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींत १.७, १.८ आणि १.९. तुमच्या पेशीत यातला कोणता आहे हे सुरुवातीलाच पाहून ठेवा, कारण वेग, व्होल्टेजची मर्यादा आणि चॅनेल बुजवणाऱ्या टीटीएक्स या विषाचं प्रमाण सगळं त्यावर ठरतं.

पेशी कोणती घ्यायची

शिकताना एचईके-२९३ पेशी (मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून बनवलेली पेशीमालिका) घ्या, ज्यांत एकाच उपप्रकाराचं जनुक कायमचं बसवलेलं आहे. त्या लहान, गोलसर आणि लांब शाखा नसलेल्या असतात. पेशी विरळ पसरवा आणि ताटलीवर चिकटल्यानंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वापरा. शेजारच्या पेशीला चिकटलेली पेशी टाळा. दोघींमध्ये विद्युत जोडणी असली तर तुम्ही नकळत दोन पेशी मोजत असता. या पेशींचा स्वतःचा थोडा सोडियम प्रवाहही असतो, म्हणून जनुक न घातलेल्या पेशींवर एकदा मोजमाप करून तो किती आहे हे नोंदवून ठेवा.

ताज्या मेंदूच्या कापातली चेतापेशी पहिल्याच आठवड्यात घेऊ नका. तिच्या लांब शाखांमधलं व्होल्टेज पिपेटला आवरत नाही.

द्रावणं

उद्देश सरळ आहे: पोटॅशियम आणि कॅल्शियमचे प्रवाह बंद करायचे आणि सोडियम एकटा उरू द्यायचा.

बाहेरच्या द्रावणासाठी, एक लिटरला: सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम (१४० मिलिमोलर), पोटॅशियम क्लोराइड ०.२२ ग्रॅम (३ मिलिमोलर), पीएच स्थिर ठेवणारं हेपीस २.३८ ग्रॅम (१० मिलिमोलर), ग्लुकोज १.८० ग्रॅम (१० मिलिमोलर). एक मोलर साठ्यातून मॅग्नेशियम क्लोराइड १ मिलिलिटर आणि कॅल्शियम क्लोराइड १.५ मिलिलिटर. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ करा. ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण, ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास येते. चेतापेशी असेल तर कॅल्शियम चॅनेल बंद करायला कॅडमियम क्लोराइड ०.१ मिलिमोलर घाला. कॅडमियम विषारी आहे, उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका.

पिपेटच्या आतल्या द्रावणासाठी, १०० मिलिलिटरला: सीझियम फ्लोराइड १.८२ ग्रॅम (१२० मिलिमोलर), सोडियम क्लोराइड ०.०५८ ग्रॅम (१० मिलिमोलर), कॅल्शियम बांधून ठेवणारं ईजीटीए ०.३८ ग्रॅम (१० मिलिमोलर), हेपीस ०.२४ ग्रॅम (१० मिलिमोलर). सीझियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.३ करा. सुरुवातीला ईजीटीए विरघळत नाही म्हणून घाबरू नका. पीएच चढत जाईल तसं ते विरघळतं. ऑस्मोलॅरिटी बाहेरच्या द्रावणापेक्षा १० ते १५ ने कमी ठेवा, नाहीतर पेशी फुगते. ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून एकेक मिलिलिटरच्या प्लॅस्टिक नळ्यांत गोठवा. काचेच्या बाटलीत ठेवू नका, फ्लोराइड काच खातं. मॅग्नेशियमही यात घालू नका. मॅग्नेशियम फ्लोराइडचा साका तळाला बसतो आणि पिपेटचं टोक बुजतं.

सीझियम पोटॅशियम चॅनेलमधून जवळजवळ जात नाही, म्हणून ते पोटॅशियमच्या जागी. फ्लोराइडमुळे सील, म्हणजे पिपेटचं टोक आणि पटल यांतली जोडणी, घट्ट बसतं आणि बराच वेळ टिकतं. त्याची किंमत अशी की होल-सेल झाल्यावर (टोकाखालचं पटल फोडून पिपेट पेशीच्या आतल्या भागाशी जोडल्यावर) पहिली काही मिनिटं चॅनेलची व्होल्टेज-वक्ररेषा हळूहळू ऋण बाजूला सरकत राहते. याचा बंदोबस्त पुढे येतो.

या द्रावणांत २२ अंश सेल्सियसला सोडियमचं समतोल व्होल्टेज (जिथे त्याचा निव्वळ प्रवाह शून्य होतो) सुमारे +६७ मिलिव्होल्ट निघतं. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. प्रवाहाची दिशा याच्या जवळपास उलटली नाही, तर काहीतरी बिघडलेलं आहे.

पिपेट आणि सील

सोडियमसाठी पिपेटचं टोक मोठं हवं. दीड मिलिमीटर व्यासाच्या, जाड भिंतीच्या बोरोसिलिकेट काचेची पिपेट ओढा आणि टोक आचेवर किंचित गुळगुळीत करा. आतलं द्रावण भरून बाहेरच्या द्रावणात बुडवल्यावर प्रतिरोध १ ते २ मेगाओम आला पाहिजे. पाच मिलिव्होल्टचा चाचणी-स्पंद दिल्यावर अडीच नॅनोअँपिअर प्रवाह दिसला, तर ती २ मेगाओमची पिपेट. पोटॅशियम प्रवाहासाठी ४–५ मेगाओमची चालून जाते. इथे ती चालत नाही, आणि नवख्यांचे सर्वाधिक प्रयोग इथेच वाया जातात.

पिपेट पाण्यात उतरवण्याआधी तिच्यात हलका धन दाब ठेवा, म्हणजे टोकावर कचरा बसत नाही. द्रावणात गेल्यावर ऑफसेट, म्हणजे प्रवाह नसतानाही दिसणारा व्होल्टेजचा फरक, शून्य करा. पेशीच्या जवळ जा. टोक टेकलं की चाचणी-स्पंद थोडा लहान होतो. त्या क्षणी दाब सोडा आणि अगदी हलकं शोषा. प्रतिरोध चढायला लागला की पिपेटचं व्होल्टेज −६० मिलिव्होल्टवर न्या. एक गिगाओमच्या वर गेल्यावर पिपेटच्या टोकाची धारिता (विद्युत प्रभार साठवण्याची क्षमता) ॲम्प्लिफायरवर रद्द करा आणि मगच पेशी फोडा. हा क्रम उलटा झाला तर टोकाची धारिता आणि पेशीची धारिता एकमेकींत मिसळतात.

फोडण्यासाठी छोटे, तुटक झटके द्या. स्पंदाच्या दोन्ही कडांना मोठे, हळू ओसरणारे काटे उमटले की होल-सेल झालं. लगेच होल्डिंग, म्हणजे स्पंदांच्या मधल्या काळात धरून ठेवलेलं व्होल्टेज, −१०० किंवा −१२० मिलिव्होल्टवर आणा. −७० वर ठेवलं तर अनेक उपप्रकारांचे बरेचसे चॅनेल आधीच निष्क्रिय असतात आणि प्रवाह लहान दिसतो. आता ५ ते १० मिनिटं थांबा. दर ३० सेकंदांनी −१० मिलिव्होल्टवर नेणारा एक स्पंद देऊन शिखर नोंदवत राहा. ते स्थिर झालं की काम सुरू करा. प्रत्येक पेशीत फोडल्यापासूनची वेळ सारखीच ठेवा, म्हणजे फ्लोराइडमुळे होणारी सरक सगळ्यांत सारखी राहते.

सीरिज रेझिस्टन्स: इथे वेळ घाला

ॲम्प्लिफायर पिपेटच्या वरच्या टोकाला व्होल्टेज देतो. पेशीपर्यंत जाताना वाटेत पिपेटचं अरुंद तोंड आणि फाटलेल्या पटलाचे तुकडे असतात. त्यांचा प्रतिरोध म्हणजे सीरिज रेझिस्टन्स. तो पिपेटच्या मूळ प्रतिरोधाच्या साधारण दुप्पट निघतो.

हिशेब करून पाहा. प्रतिरोध ५ मेगाओम, प्रवाह ५ नॅनोअँपिअर. चूक दोन्हींच्या गुणाकाराइतकी, म्हणजे २५ मिलिव्होल्ट. सोडियम आत येत असल्यामुळे ही चूक धन बाजूला पडते: तुम्ही −३० दिलंत, पटलावर −५ झालं. शिवाय ती प्रवाहाबरोबर क्षणाक्षणाला बदलते, म्हणून नंतर एक ठरावीक आकडा वजा करून ती सुधारता येत नाही. प्रवाह वाढतो, व्होल्टेज चढतं, त्यामुळे आणखी चॅनेल उघडतात आणि प्रवाह अजून वाढतो. क्लॅम्पने जे रोखायचं तेच आत घडू लागतं.

दुसरं नुकसान वेगाचं. ५ मेगाओम आणि १५ पिकोफॅरडच्या पेशीत व्होल्टेज बसायचा कालस्थिरांक ७५ मायक्रोसेकंद. पूर्ण बसायला त्याच्या चार-पाच पट, म्हणजे ३०० मायक्रोसेकंदांच्या वर. चॅनेल त्याच काळात उघडत असतात.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही करायचे असतात. पहिला, मोठ्या टोकाची पिपेट. दुसरा, ॲम्प्लिफायरवरची भरपाई ७० ते ८० टक्क्यांपर्यंत. ८० टक्के भरपाईत वरची २५ मिलिव्होल्टची चूक ५ वर येते. नॉब हळूहळू चढवा. प्रवाहात झणझण दिसू लागली की थोडं मागे या, कारण भरपाई जास्त झाली की व्यवस्था स्वतः थरथरू लागते आणि एका क्षणात पेशी मरते. तिसरा उपाय बहुतेक जण विसरतात: प्रवाहच लहान करा. कमी चॅनेल असलेली पेशी निवडा, किंवा बाहेरचं सोडियम १४० वरून ४० मिलिमोलरवर आणा आणि उरलेल्या जागी कोलिन क्लोराइड किंवा एनएमडीजी क्लोराइड घाला (हे मोठे धन आयन सोडियम चॅनेलमधून जवळजवळ जात नाहीत). १० नॅनोअँपिअरची पेशी बघायला भारी वाटते, पण व्होल्टेजवर अवलंबून असलेल्या कुठल्याही मोजमापासाठी ती निरुपयोगी आहे. १ ते ४ नॅनोअँपिअर उत्तम.

एक मर्यादा आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उदाहरणार्थ, भरपाईनंतरची चूक ५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त किंवा प्रयोगादरम्यान सीरिज रेझिस्टन्समध्ये २० टक्क्यांहून अधिक बदल झाला, तर ती पेशी बाद. निकाल पाहून मर्यादा ठरवू नका.

तीन प्रोटोकॉल

यंत्राची मांडणी: १० किलोहर्ट्झचा फिल्टर, ५० किलोहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वेगाने नमुने. तापमान २० ते २२ अंश, आणि ते प्रत्येक नोंदीत लिहिलेलं. चॅनेलच्या हालचालींचा वेग दहा अंशांमागे साधारण तिप्पट होतो, त्यामुळे दोन अंशांचा फरकही दिसतो. लीक, म्हणजे या चॅनेलशिवाय इतर वाटांनी झिरपणारा प्रवाह, वजा करायला पी/४ पद्धत वापरा: मुख्य स्पंदाच्या एक चतुर्थांश उंचीचे चार स्पंद, चॅनेल उघडणार नाहीत अशा ऋण व्होल्टेजवर.

पहिला प्रोटोकॉल उघडण्याचा. होल्डिंग −१२०. तिथून −८० ते +८० पर्यंत ५ मिलिव्होल्टच्या पायऱ्या, प्रत्येकी ३० मिलिसेकंद, दोन पायऱ्यांत किमान एक-दोन सेकंद. प्रत्येक पायरीचं शिखर व्होल्टेजसमोर मांडा. बहुतेक उपप्रकारांत प्रवाह −५० च्या आसपास सुरू होतो, −२० ते ० मध्ये सर्वांत मोठा होतो आणि +६० च्या पुढे दिशा बदलतो. मग वाहकता काढा: शिखर प्रवाह भागिले, दिलेलं व्होल्टेज उणे दिशा बदलण्याचं व्होल्टेज. भागाकारातलं दुसरं व्होल्टेज पुस्तकातून न घेता त्याच पेशीच्या आलेखावरून घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंचे १० मिलिव्होल्टमधले बिंदू गाळा. तिथे भाजक शून्याजवळ जातो आणि वाहकता कुठल्या कुठे भरकटते. उरलेल्या बिंदूंवर बोल्ट्झमन वक्र (इंग्रजी एस-सारखी चढणारी रेषा) बसवून मध्यबिंदू, म्हणजे वाहकता निम्मी होते ते व्होल्टेज, आणि उतार मिळतो.

दुसरा, निष्क्रियतेचा. −१३० ते −१० पर्यंतचा पूर्वस्पंद, आणि लगेच −१० वर २० मिलिसेकंदांचा चाचणी-स्पंद. पूर्वस्पंदात जितके चॅनेल निष्क्रिय झाले, तितकं चाचणीचं शिखर लहान. पूर्वस्पंद १०० ते ५०० मिलिसेकंदांचा ठेवा आणि लांबी कधीच बदलू नका. तो कित्येक सेकंदांचा केला तर मंद निष्क्रियता नावाची वेगळी प्रक्रिया मिसळते. ती अनेक सेकंदांनी सुटते आणि आलेख ऋण बाजूला ढकलते.

तिसरा, पूर्ववत होण्याचा. −१० वर २० मिलिसेकंदांचा पहिला स्पंद, मग −१०० वर विश्रांती, मग तसाच दुसरा स्पंद. विश्रांती १ मिलिसेकंदापासून १ सेकंदापर्यंत वाढवत न्या. दुसऱ्या शिखराला पहिल्याने भागा. विश्रांतीचं व्होल्टेज −१०० ऐवजी −८० केलं तर पूर्ववत होणं स्पष्टपणे मंदावतं. शरीरात बाहेरचं पोटॅशियम फार वाढलं की स्नायू दुबळे पडतात ते याच कारणाने: पटल पुरेसं ऋण होत नाही आणि चॅनेल निष्क्रिय अवस्थेतून सुटत नाहीत.

बिघाड ओळखायचा कसा

पायऱ्या वाढवताना प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढायला हवा. −४५ ला काहीच नाही आणि −४० ला एकदम पूर्ण उसळी, असं दिसलं तर व्होल्टेज निसटलेलं आहे. बोल्ट्झमनचा उतार ५ मिलिव्होल्टहून कमी निघाला तरी तोच संशय घ्या. लहान स्पंदात प्रवाह उशिरा, एखाद्या वेगळ्या उंचवट्यासारखा आला, तर तो पिपेटच्या आटोक्याबाहेरच्या शाखेतून येतो आहे. खात्री करायची एक सोपी रीत आहे. बाहेरचं सोडियम कमी करून प्रवाह निम्मा करा आणि वाहकतेचा आलेख पुन्हा काढा. क्लॅम्प चांगला असेल तर मध्यबिंदू जागचा हलत नाही. तो धन बाजूला सरकला, तर आधीचा आलेख चुकीचा होता.

दिशा +४० लाच बदलत असेल तर लीक नीट वजा झालेला नाही, पेशीत सोडियम साठलं आहे किंवा पोटॅशियम प्रवाह शिल्लक आहे. सगळे आलेख एकाच दिवशी एकाच दिशेने सरकले असतील तर कॅल्शियम तपासा. बाहेरचं कॅल्शियम वाढलं की ते पटलाच्या पृष्ठभागावरचे ऋण प्रभार झाकतं आणि उघडण्याचा मध्यबिंदू धन बाजूला जातो. कमी झालं की उलट. रक्तातलं कॅल्शियम घसरल्यावर स्नायू आपोआप आकसू लागतात, त्यामागे हीच यंत्रणा आहे.

शेवटी उरणाऱ्या प्रवाहाबद्दल सावध राहा. स्पंद संपत आला तरी शिखराच्या एखाद्या टक्क्याइतका प्रवाह चालू राहू शकतो आणि काही आजारांत हाच महत्त्वाचा असतो, एनएव्ही १.५ मध्ये तो वाढला की ईसीजीवर दिसणारा हृदयाचा क्यूटी काळ लांबतो. पण त्याचा आकार लीकइतकाच असतो. टीटीएक्स देण्याआधीची नोंद उणे दिल्यानंतरची नोंद, एवढ्याच मार्गाने तो मोजा.

टीटीएक्स आणि इतर औषधं

टीटीएक्स, म्हणजे टेट्रोडोटॉक्सिन, छिद्र बाहेरून बुजवतं. १.१ ते १.४, १.६ आणि १.७ साठी ३०० ते ५०० नॅनोमोलर पुरतं. हृदयाच्या १.५ मध्ये छिद्राच्या तोंडाशी सुगंधी अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन असल्यामुळे मायक्रोमोलर प्रमाण लागतं. १.८ आणि १.९ वर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्रमाणाचा जवळजवळ परिणाम होत नाही. या विषावर उतारा नाही. श्वसनाचे स्नायू लुळे पडतात आणि उपचार म्हणजे कृत्रिम श्वास. पूड तोलायला बसू नका, तयार कुपीत थेट द्रावण घालून साठा करा. हातमोजे घाला, नळ्यांवर ठळक खूण करा, एकट्याने काम करू नका.

लिडोकेनसारखी बधिर करणारी औषधं आतल्या बाजूने, चौथ्या भागाच्या सहाव्या तुकड्याला चिकटतात आणि निष्क्रिय चॅनेलला बंद चॅनेलपेक्षा कितीतरी घट्ट धरतात. म्हणून −१२० वर ठेवलेल्या पेशीत आणि निम्मे चॅनेल निष्क्रिय होतील अशा व्होल्टेजवर ठेवलेल्या पेशीत, एकाच औषधाची परिणामकारक मात्रा दहापट किंवा अधिक वेगळी निघू शकते. दोन्ही व्होल्टेजवर मोजा. त्यानंतर १० हर्ट्झने २० स्पंद देऊन शिखर दर स्पंदाला किती घटतं तेही पाहा, आणि औषध न देता हीच मालिका आधी करून ठेवा, कारण इतक्या वेगात काही चॅनेल औषधाशिवायही निष्क्रियच राहतात. मात्रेचा आकडा लिहाल तिथे होल्डिंग व्होल्टेज, स्पंदांचा वेग आणि औषध दिल्यापासूनचा वेळ त्याच ओळीत लिहा.